निपाणीहून बदल येतात, बेळगावात मुरत नाहीत : एरर ८४५१, इव्हेंट १०८४ आणि २१०८

उद्यमबागचा_पाहुणा · १२ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

उद्यमबागमध्ये आमचं मशीन शॉप आणि मागं लहान फाउंड्री, दुसरं युनिट निपाणीत. मिळून साडेतीनशेच्या आसपास युजर. डोमेन कंट्रोलर, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली सगळ्यांची खाती-पासवर्ड सांभाळणारे सर्व्हर (डीसी), दोन; एकातला बदल दुसऱ्यात आपोआप उतरतो, तेच रेप्लिकेशन. इथला डीसी१ टॉवर सर्व्हर आहे, दोन डिस्क रेड १ मध्ये (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर), पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच डीसीनं करायची खास कामं) याच्याचकडं. निपाणीचा डीसी२ व्हर्च्युअल. दोन्हीवर विंडोज सर्व्हर २०१६.

सोमवारी निपाणीत तीन नवीन पोरं लागली. तिथल्या एचआर मॅडमनी खाती तिथंच उघडली. पोरं ट्रेनिंगला बेळगावात आली तर लॉगिनच होईना. बघितलं तर डीसी१ वर खातीच नाहीत. उलट मी इथं काही बदललं की निपाणीत पाच-पंधरा मिनिटांत दिसतं. म्हणजे इकडून तिकडं जातंय, तिकडून इकडं येत नाही.

डीसी१ च्या डायरेक्टरी सर्व्हिस लॉगमध्ये १०८४ आणि त्याच्या मागोमाग २१०८. दोन्हीत 'सोर्स' म्हणून डीसी२ चं नाव. रेपॲडमिनचा शोरेपल (रेप्लिकेशनची अवस्था दाखवणारी कमांड) चालवला तर डोमेन पार्टिशनला, म्हणजे खाती असतात त्या भागाला, ८४५१. स्कीमा आणि कॉन्फिगरेशन हे दुसरे भाग मात्र व्यवस्थित.

मेसेजमध्ये निपाणीचं नाव, म्हणून तीन दिवस निपाणीच धरून बसलोय. डीसी२ दोनदा रीस्टार्ट केला, लाइनवाल्याशी भांडलो, काल तर भर पावसात एसटीनं जाऊन स्विच बदलून आलो. फरक शून्य. साहेब रोज विचारतात, पोरं रोज चहा पिऊन परत जातात.

निपाणी_नाका · १२ जून, रात्री १०.१५

आमच्या गावाला उगाच बदनाम करू नका 🙂 आधी फायरवॉल बघा. १३५ नंबरचा पोर्ट चालू असतो आणि वरचे ४९१५२ ते ६५५३५ कुणीतरी बंद करून ठेवतो, हे दहात सहा वेळा बघितलंय. आणि डीसी२ च्या नेटवर्क कार्डात डीएनएस म्हणून कुणी बाहेरचा पत्ता घातलाय का तेही बघा.

उद्यमबागचा_पाहुणा · १२ जून, रात्री १०.३२

दोन्ही बघून झालं दादा. पोर्ट उघडे आहेत, डीएनएस एकमेकांकडं आणि स्वतःकडं. डीसीडायगच्या तपासणीत डीएनएस पास.

घटप्रभा_काठ · १२ जून, रात्री ११.०५

पाहुणे, तुम्ही तीन दिवस चुकीच्या घराची कडी वाजवताय.

पोर्ट अडला असता तर १७२२ आला असता, आरपीसी सर्व्हर सापडत नाही म्हणून. डीएनएसचा घोळ असता तर ८५२४. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक किंवा मशीनचा पासवर्ड बिघडलेला असता तर कर्बेरॉसनं (लॉगिनची ओळख पटवणारी यंत्रणा) वेगळंच रडगाणं गायलं असतं. शिवाय स्कीमा आणि कॉन्फिगरेशन त्याच लाइनवरून, त्याच सर्व्हरकडून, त्याच पोर्टानं येतात. ती येतात ना? मग लाइनवाल्याला फोन करून माफी मागा.

८४५१ म्हणजे रेप्लिकेशन करताना डेटाबेसची चूक झाली. प्रश्न एवढाच, कुणाच्या डेटाबेसची? १०८४ ज्याच्या लॉगमध्ये उठतो, तो सांगत असतो की अमक्याकडून आलेला बदल मला लिहून घेता आला नाही. पोस्टमन पत्र घेऊन दारात उभा आहे, घरातलं कपाट उघडत नाही, आणि तुम्ही पोस्टमनला धरलाय. सोर्स म्हणून निपाणीचं नाव आहे कारण पत्र तिथून आलंय. खोट बेळगावात आहे.

आता दोन गोष्टी द्या. २१०८ पूर्ण उघडा, अगदी खाली 'ॲडिशनल डेटा'त दुसरा एरर नंबर असतो, उणे चिन्हाचा. तो काय आहे? आणि त्याच लॉगमध्ये एनटीडीएस आयसॅम (डेटाबेसचं इंजिन) या सोर्सचे ४६७ किंवा ४७४ आहेत का, मागचे दोन महिने चाळून बघा.

उद्यमबागचा_पाहुणा · १२ जून, रात्री ११.२८

अक्का, उणे १४१४ आहे. आणि ४६७ आहेत की, सात वेळा. 'इंडेक्स करप्टेड' म्हणतोय, टेबलचं नाव डेटाटेबल. मी ते पिवळं-लाल बघून पुढं गेलो होतो, रेप्लिकेशनचं काही वाटलं नाही.

कॅम्पातला_पोरगा · १२ जून, रात्री ११.४०

सोपं आहे की. सर्व्हिस थांबवा, एसेंटयूटिल स्लॅश पी मारा, दहा मिनिटांत डेटाबेस रिपेअर. मी मेल सर्व्हरवर केलंय, मक्खन चाललं.

घटप्रभा_काठ · १३ जून, सकाळी ७.१०

बाळा, असं करू नकोस आणि कुणाला करायला सांगूही नकोस.

स्लॅश पी हे साल काढणारं यंत्र आहे. जे पान वाचता येत नाही ते फेकतं आणि उरलेलं शिवून टाकतं. काय फेकलं ते सांगत नाही. मेलमध्ये चार पत्रं गेली तर लोक बोंबलतात आणि कळतं. इथं एखाद्या ग्रुपची मेंबरशिप, एखादी परवानगी गळली तर सहा महिन्यांनी कळेल, तोवर कोण काय वाचून गेलं कुणास ठाऊक. वर हा डेटाबेस एकटा राहत नाही, शेजाऱ्याशी रोज बोलतो. आणि इथं तर शेजारी धडधाकट आहे! ज्याची दुसरी चांगली प्रत निपाणीत जिवंत आहे, त्याला ठिगळ कशाला?

पाहुणे, उणे १४१४ म्हणजे दुय्यम इंडेक्स बिघडलाय. पुस्तक शाबूत, मागची सूची फाटली, असं असू शकतं. त्याला ऑफलाइन डीफ्रॅग चालतो, कारण त्यात सगळा डेटा नव्या फाइलमध्ये उतरवताना इंडेक्स नव्यानं बांधले जातात. खरं सूची का फाटली हे शोधल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

रात्री शिफ्ट संपल्यावर करा. डीएसआरएममध्ये (दुरुस्तीसाठी डीसी वेगळा बूट करायची पद्धत) जायची गरज नाही, २००८ पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरीची एनटीडीएस सर्व्हिस नुसती थांबवता येते. तिच्याबरोबर केडीसी (कर्बेरॉसची सर्व्हिस), डीएनएस वगैरेही थांबतील, म्हणून इथल्या मशीनना दुसरा डीएनएस म्हणून निपाणीचा पत्ता डीएचसीपीतून मिळतोय का ते दुपारीच बघून ठेवा. विंडोजच्या एनटीडीएस फोल्डरमधली एनटीडीएस डॉट डीआयटी (हाच तो डेटाबेस) आणि सगळ्या ईडीबी लॉग फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मग एनटीडीएसयूटिल उघडून इन्स्टन्स ॲक्टिव्हेट करा, 'फाइल्स'मध्ये जाऊन आधी इंटेग्रिटी, मग 'कॉम्पॅक्ट टू' (हाच तो ऑफलाइन डीफ्रॅग) करून रिकाम्या फोल्डरचा पत्ता. डेटाबेसएवढी जागा तिथं मोकळी हवी. पूर्ण झालं तर नवी फाइल जुन्याच्या जागी, आणि जुन्या लॉग फाइली काढून टाका. अर्धवट राहिलं तर काहीही न हलवता इथं येऊन सांगा.

डीएसआरएमचा पासवर्ड माहीत आहे ना? तोही आत्ताच बघा. तो ज्याला आठवतो तो माणूस नेमका सुट्टीवर असतो.

खानापूर_रानवाट · १३ जून, सकाळी ११.२०

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या खानापूरच्या गोडावनात एक जुना डीसी सात महिने बंद होता. आज लावला तर ८६१४ येतोय. हेच का?

घटप्रभा_काठ · १३ जून, दुपारी १.३०

नाही, हे वेगळं. सात महिने म्हणजे टुम्बस्टोनची, म्हणजे पुसलेल्या नोंदीची खूण जपण्याची, मुदत उलटली. २००३ च्या एसपी१ नंतर उभ्या राहिलेल्या फॉरेस्टला ती १८० दिवस असते, त्याआधीच्यांना ६० असू शकते. दरम्यान तुम्ही पुसलेली खाती त्याच्याकडं अजून जिवंत आहेत, म्हणून इतर त्याच्याशी बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नेटवर शोधलं तर एक रजिस्ट्री की सापडेल जी लावली की बोलायला लागतात. लावू नका, भुतं घरात शिरतील. तो डीसी जबरदस्तीनं उतरवा, मेटाडेटा (इतरांकडच्या त्याच्या नोंदी) साफ करा, हवा असला तर नव्यानं चढवा. बाकी नवीन धाग्यात.

उद्यमबागचा_पाहुणा · १४ जून, पहाटे १.४५

जागं कुणी आहे का?

साडेदहाला सर्व्हिस थांबवली. फाइल कॉपी करतानाच ७० टक्क्यांवर अडखळली, खरं दुसऱ्या खेपेला झाली. डेटाबेस मोठा नाही, २०० एमबीच्या आत. इंटेग्रिटी फेल. तरी कॉम्पॅक्ट लावला, तो अर्ध्यात मेला : उणे १०१८. आणि लॉगमध्ये ४७४, चेकसम जुळत नाही म्हणून. काही हलवलं नाही, सर्व्हिस परत चालू केली. आहे तसं चालतंय.

माझ्याकडं एप्रिलमधली पूर्ण डिस्क इमेज आहे. ती चढवली तर?

घटप्रभा_काठ · १४ जून, सकाळी ६.४०

इमेज अजिबात नाही! आधी हे वाचा.

प्रत्येक डीसी आपल्या प्रत्येक बदलाला एक चढता नंबर देतो, यूएसएन. पावतीपुस्तकासारखा. निपाणीनं लिहून ठेवलंय की बेळगावची पावती समजा नव्वद हजारपर्यंत मिळाली. तुम्ही एप्रिलची इमेज चढवलीत की बेळगावचं पुस्तक साठ हजारावर येतं आणि तिथून पुढं नव्या बदलांना तेच नंबर पुन्हा देतं. निपाणी म्हणते, हे तर माझ्याकडं आहे, आणि मागतच नाही. लॉगमध्ये २०९५ उठतो, नेटलॉगऑन पॉज होतो, रेप्लिकेशन दोन्ही बाजूंनी बंद. आत्ता एक बाजू तरी चालू आहे. २०१२ पासून व्हर्च्युअल डीसीला जनरेशन आयडीचं संरक्षण मिळालं, खरं तुमचा डीसी१ लोखंडाचा आहे, त्याला ते नाही. सिस्टीम स्टेट बॅकअप असता तर गोष्ट वेगळी, तो चढवताना डीसी स्वतःची ओळख बदलून घेतो.

आता मूळ मुद्दा. १४१४ सूचीचा होता. १०१८ म्हणजे विंडोजनं डिस्कवर जे लिहिलं तेच परत वाचायला मिळालं नाही. पान लिहिताना त्यावर बेरीज टाकलेली असते, वाचताना ती जुळत नाही. हा ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा दोष जवळजवळ कधीच नसतो. डिस्क, कंट्रोलर, केबल, क्वचित रॅम. कॉपी ७० टक्क्यांवर अडखळली ना? तिथंच.

रेड कंट्रोलरचं सॉफ्टवेअर उघडा आणि दोन्ही डिस्कची अवस्था इथं लिहा. कंट्रोलरच्या राइट कॅशची (लिहायचं ते थोडा वेळ धरून ठेवणारी मेमरी) बॅटरी आहे का तेही. डीसी स्वतः विंडोजकडून डिस्कची राइट कॅश बंद करून घेतो, जमलं नाही तर १५३९ टाकतो. तो दिसतोय?

येळ्ळूर_गड · १४ जून, सकाळी ९.१५

परवा तो वळीव आला तेव्हा उद्यमबागची वीज चार वेळा गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्या आहेत?

उद्यमबागचा_पाहुणा · १४ जून, सकाळी १०.५०

सांगायला लाज वाटते.

एक डिस्क 'फेल्ड'. आजची नाही, १९ मार्चपासून. दुसरीवर मीडिया एरर तीन आकडी. म्हणजे तीन महिने आम्ही एका डिस्कवर चाललोय आणि तीही किडलेली. १५३९ आहे. कंट्रोलरची बॅटरी मेलेली असून कॅश जबरदस्तीनं चालू ठेवलेली. यूपीएस चार मिनिटं टिकतो.

आणि सगळ्यात वाईट. मार्चमध्ये सर्व्हर रूममधून पीं पीं ऐकू यायची. मला वाटलं यूपीएसच बोंबलतोय. शिमग्याच्या सुट्टीवर जायची घाई होती, स्क्रीनवर 'सायलेन्स अलार्म' दिसलं, दाबलं आणि गेलो. तो कंट्रोलरचा बझर होता.

कॅम्पातला_पोरगा · १४ जून, सकाळी ११.०२

😶

वडगावचे_मास्तर · १४ जून, दुपारी १२.१०

(मॉडरेटर) पाहुणे, लिहिलंत हे बरं केलंत. ह्या धाग्यात कुणी टोमणा मारला तर उडवून टाकीन. मी १९९० च्या दशकात टेपची कॅसेट फ्रिजवर ठेवली होती, त्यावर बोललो तर रात्र जाईल.

एक आगाऊ प्रश्न. सहीत तुमचं डोमेन अजून 'बेलगाम डॉट लोकल' दिसतंय?

उद्यमबागचा_पाहुणा · १४ जून, दुपारी १२.३०

हो मास्तर. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं तेव्हा मोठ्या साहेबांनी डोमेनचंही बदलायला सांगितलं होतं. आधीच्या ॲडमिननं नकार दिला, एक्सचेंज बसवलेला होता आणि एक्सचेंज असताना डोमेनचं नाव बदलणं चालत नाही. बोर्डावर तीन लिपींत तीन नावं आहेत, सर्व्हरवर चौथं.

अक्का, आता हात कुठं घालू?

घटप्रभा_काठ · १४ जून, दुपारी २.२०

नाव राहू दे, त्यानं कुणाचं अडत नाही.

आता डीसी१ ला वाचवायचं नाही. त्याच्याकडं जे होतं ते निपाणीत पोचलेलं आहे, कारण जाणारी बाजू चालू होती. हे तुमचं नशीब. आता क्रम चुकवू नका.

पहिलं, निपाणी खरोखर धडधाकट आहे का ते तपासा, गृहीत धरू नका. आज संध्याकाळी तिथली एनटीडीएस सर्व्हिस पाच मिनिटं थांबवून इंटेग्रिटी आणि 'सिमँटिक डेटाबेस ॲनालिसिस' चालवा. स्वच्छ निघाली की चालू करून लगेच डब्ल्यूबीॲडमिननं सिस्टीम स्टेट बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर. यापुढं ती एकुलती एक प्रत आहे.

दुसरं, पाचही रोल निपाणीला 'ट्रान्सफर' करून बघा. डीसी१ जिवंत असताना सभ्यपणे जातात तेवढे जाऊ देत. एखादा अडला तर तेवढाच 'सीझ', म्हणजे जबरदस्तीनं काढून घ्या. सीझ केल्या क्षणी, विशेषतः आरआयडीचा (नव्या खात्यांसाठी नंबरांचे गठ्ठे वाटणारा रोल) असेल तर, डीसी१ ची नेटवर्क केबल काढायची आणि तो पुन्हा कधीही नेटवर्कवर येऊ द्यायचा नाही. दोन सर्व्हर एकच नंबरांचे गठ्ठे वाटायला लागले तर दोन माणसांना एकच एसआयडी (खात्याचा ओळखक्रमांक) मिळेल.

तिसरं, निपाणीतून डीसी१ चं कॉम्प्युटर ऑब्जेक्ट 'डोमेन कंट्रोलर्स'मधून डिलीट करा. २००८ नंतर त्यानं मेटाडेटाही साफ होतो. साइट्समध्ये रिकामा डबा उरतो तो आणि डीएनएसमधल्या जुन्या एसआरव्ही नोंदी हातानं काढा. पीडीसी (सगळ्यांना वेळ देणारा रोल) आता निपाणी, म्हणून घड्याळाचा सोर्स तिथं लावा. हे सगळे विसरतात आणि महिन्यानं कर्बेरॉसच्या नावानं धागा काढतात.

निपाणी_नाका · १४ जून, दुपारी ३.०५

नवा डीसी लावताना आयएफएम (डेटाबेसची प्रत डिस्कवरून देऊन डीसी चढवणं) करा की. मी इथूनच आहे, डिस्कवर भरून संध्याकाळच्या गाडीनं पाठवतो. दीड तासात बेळगाव.

घटप्रभा_काठ · १४ जून, दुपारी ३.४०

तुमचं मन मोठं, खरं नको. २०० एमबीसाठी आयएफएम कशाला, लाइनवरून चहा होईस्तोवर येईल. आणि त्या डिस्कवर साडेतीनशे लोकांच्या पासवर्डांचे हॅश असतात. ती एसटीच्या रॅकवर राहिली तर पाहुण्यांना खरंच पाहुणा व्हावं लागेल.

उद्यमबागचा_पाहुणा · १७ जून, रात्री ८.३०

झालं.

निपाणीची तपासणी स्वच्छ. बॅकअप घेतला. चार रोल गपचूप गेले, आरआयडी मास्टर अडला, उणे १०१८ चंच कारण. तो सीझ केला आणि केबल मीच स्वतःच्या हातानं काढली, शिपाईमामांना सांगून पोर्टावर चिकटपट्टी लावली.

इथं नवा सर्व्हर, दोन एसएसडी, बॅटरीवाला कंट्रोलर. नाव मुद्दाम डीसी३ ठेवलं, जुनं पुन्हा दिलं नाही. प्रमोट केल्यावर लगेच सिस्व्हॉल शेअर (पॉलिसी आणि स्क्रिप्टचा सामायिक फोल्डर) दिसेना तेव्हा पोटात गोळा आला, खरं मास्तरांनी फोनवर थांबायला सांगितलं. अकरा मिनिटांनी डीएफएसआरच्या (हा फोल्डर डीसींमध्ये पोचवणारी सर्व्हिस) लॉगमध्ये ४६०४, म्हणजे सिस्व्हॉल तयार, आला आणि शेअर उघडला. रेपॲडमिनचा रेपसमरी : दोन्हीकडं शून्य फेल. अँटिव्हायरसमधून एनटीडीएस फोल्डर वगळला. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या. बझरचा आवाज आता माझ्या मोबाइलवर मेल म्हणून येतो, आणि साहेबांच्याही. तो मीच घालून घेतला.

तिन्ही पोरं आज लॉगिन झाली. रोल अजून निपाणीतच आहेत, पंधरा दिवस तिथंच राहू देत.

निपाणी_नाका · १७ जून, रात्री ८.४१

म्हणजे आता राजधानी निपाणी. हरकत नाही.

कॅम्पातला_पोरगा · १७ जून, रात्री ९.००

अक्का, तो मेल सर्व्हर मी परवा तपासला. तीन मेलबॉक्समध्ये मार्चचे फोल्डर रिकामे आहेत. कुणी बोललं नव्हतं.

घटप्रभा_काठ · १७ जून, रात्री ९.२५

स्लॅश पी मारल्यावर डेटाबेस नवीन करून मेलबॉक्स तिकडं हलवलेस का? नसशील तर नवीन धागा काढ, उद्या बघू. मार्चआधीचा बॅकअप असेल तर त्याला हात लावू नकोस.

पाहुणे, जुन्या दोन डिस्कांचं काय केलं? भंगारवाल्याला दिल्या नाहीत ना?

उद्यमबागचा_पाहुणा · १७ जून, रात्री ९.५०

नाही अक्का. मशीन शॉप आपलंच आहे. दुपारी रेडियल ड्रिलवर धरून बारा एमएमची तीन-तीन भोकं आरपार पाडली. ऑपरेटर विचारत होता जॉब कार्ड कुठलं लावू. 'मेंटेनन्स' लिहून सही केली.

वडगावचे_मास्तर · १७ जून, रात्री १०.०५

आणि कुंदा? अक्का गोकाकच्या, त्यांना करदंट पाठवून पोळीवर पोळी वाढू नका. शहापुरातून ताजा घ्या, दोन किलो. पत्ता मी व्यनि करतो.